पचारेंची पाण्याखालची बाग

बल्लारपूरजवळच्या एका कोळसा खाणीच्या वसाहतीत २००४ च्या जानेवारीत घरबाग स्पर्धेचे फॉर्म निघाले, तेव्हा दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या सुरेंद्र पचारेने 'घरातील शोभेची झाडे' या गटात नाव दिलं. त्याच्या घरात एकही कुंडी नव्हती. घरची तुळससुद्धा खालच्या गफ्फारभाईंच्या अंगणात, त्यांच्या गुलाबांच्या रांगेत लावलेली होती. फॉर्मवर 'झाडांची संख्या' या रकान्यात सुरेंद्रने 'अंदाजे एकशे दहा' असं लिहिलं आणि 'जागा' या रकान्यात 'पाण्याखाली'.

क्लबच्या समितीत या फॉर्मवर वीस मिनिटं चर्चा झाली. सचिवांचं म्हणणं होतं की ही माशांची टाकी आहे. आज मासे आले, उद्या कोणी पोपटाचा पिंजरा घेऊन येईल. वसाहतीचे मुख्य माळी मंगरू आत्राम दरवर्षी परीक्षक असत आणि समितीत सहसा तोंड उघडत नसत. त्यांनी त्या दिवशी तीन प्रश्न विचारले. झाडं जिवंत आहेत काय? आहेत. घरात आहेत काय? आहेत. मग ती हवेतच पाहिजेत असं फॉर्मवर लिहिलं आहे काय? सचिवांनी फॉर्म उलटून पाहिला. लिहिलेलं नव्हतं. अर्ज मंजूर झाला.

सुरेंद्रला बक्षीस हवं होतं, आणि कुठलंही चाललं असतं. त्याचं कारण घरातच होतं.

पुढच्या खोलीला एकच खिडकी होती, दक्षिणेची. हिवाळ्यात तिथे सकाळी नऊपासून चारपर्यंत ऊन येई. त्या खिडकीशी तीन फूट लांब, सव्वाशे लिटरची काचेची टाकी उभी होती. तिचा अँगलचा स्टँड गफ्फारभाईंनी वेल्ड करून दिला होता; ते वर्कशॉपमध्ये फिटर होते. सुरेंद्रची बायको साधना हिची शिलाई मशीन मात्र मागच्या खोलीत, चाळीसच्या बल्बखाली होती. साधना वसाहतीतल्या बायांचे ब्लाउज शिवत असे. काळ्या कापडावर काळा दोरा असला की तिला सुईत ओवायला तीन-तीन वेळा प्रयत्न करावे लागत. दोन वर्षं ती खिडकी मागत होती. दिवाळीनंतर तिने मागणं सोडलं आणि अट घातली. छब्बीस जानेवारीच्या स्पर्धेत टाकीला बक्षीस मिळालं तर टाकी राहील. नाही मिळालं तर टाकी खाली होईल, मासे नदीत जातील आणि खिडकीशी मशीन येईल. सुरेंद्रने ती मान्य केली. त्याला आपल्या पाण्याबद्दल खात्री होती.

खात्री असायला कारण होतं. पाणी हाच त्याचा धंदा होता. वसाहतीच्या फिल्टर प्लांटवर तो ऑपरेटर होता. वर्धा नदीतून आलेलं गढूळ पाणी तुरटीने बसवायचं, वाळूतून गाळायचं, क्लोरीन द्यायचं आणि काचेच्या नळीत धरून उजेडाकडे पाहायचं. नळीपलीकडचे घड्याळाचे आकडे वाचता आले की पाणी पास. चौदा वर्षं त्याने हेच केलं होतं. कोणाच्या घरी जेवायला गेला तरी पाण्याचा पेला तो आधी उजेडाकडे धरी. बायको त्याला यावरून लोकांत बोलत नसे, घरी आल्यावर बोलत असे.

अशा माणसाच्या टाकीत शेवाळ यावं हा अन्याय होता. आणि ते दोन वर्षं येत होतं. काचेवर हिरवे ठिपके, पानांच्या कडांना केसांसारखे झुपके, आणि उन्हाळ्यात तर खडकांवर काळपट दाढी. सुरेंद्र दर रविवारी जुन्या ब्लेडने काच खरवडे, दात घासायच्या ब्रशने पान न् पान पुसे. सोमवारी टाकी लग्नातल्या आरशासारखी दिसे आणि शुक्रवारी पुन्हा हिरवी होई. नागपूरच्या दुकानदाराने त्याला सांगितलं होतं की उजेड कमी करा, खाणं कमी टाका आणि झाडं वाढवा. यातलं झाडं वाढवा एवढंच सुरेंद्रने मनावर घेतलं. बाकी त्याने प्लांटवरचे उपाय केले. पहिल्या वर्षी नळाचं पाणी थेट टाकीत भरलं आणि सहा मासे गेले. त्या पाण्यातलं क्लोरीन त्याच सकाळी त्याने स्वतःच्या हाताने सोडलं होतं. दुसऱ्यांदा शेवाळ खाण्यासाठी नदीतून नऊ गोगलगाई आणल्या. त्या बिचाऱ्या कामाला लागल्याच होत्या, तोवर त्याला धीर धरवला नाही आणि त्याने मोरचुदाचा खडा टाकला. मोरचुदाने शेवाळ जातं हे खरं आहे. गोगलगाई त्याआधी जातात.

साधनाचं म्हणणं सोपं होतं. छतावरच्या टाकीचं झाकण उघडं राहिलं की ती उन्हाने हिरवी होते, हे प्लांटवरून येऊन सुरेंद्रच सांगत असे. मग ही टाकी उन्हात ठेवून हिरवी कशी होणार नाही? सुरेंद्र म्हणे, ते वेगळं. काय वेगळं ते तो सांगत नसे.

तरीही त्या डिसेंबरात त्याने शेवाळावर जवळजवळ मात केली. खिडकीला दुपारपुरतं जुनं पोतं लावलं, माशांचं खाणं दोन दिवसांआड केलं आणि झाडांना वायू मिळावा म्हणून गूळ, पाणी आणि पावातलं खमीर एका बाटलीत भरून तिची नळी टाकीत सोडली. झाडं तरारली. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात टाकीतून पलीकडच्या भिंतीवरच्या कॅलेंडरातले सणवार वाचता येत होते. सुरेंद्रने ते साधनाला वाचून दाखवले, संक्रांतीपासून.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी त्याचा बाप आला.

इस्तारी पचारे मार्कंड्यापासून दोन कोसांवरच्या एका गावात राहत होता. जात ढिवराची, काम तलावातल्या मासेमारीचं. गावच्या मच्छीमार संस्थेत त्याच्या शब्दाला वजन होतं, कारण तलावाचं पाणी कधी 'तयार' झालं आणि त्यात माशांचं बीज कधी सोडायचं, हे तोच सांगत असे. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरला तसा तो जाळ्याची भोकं बोटांनी मोजू लागला, आणि शेवटी चंद्रपूरच्या शिबिरात ऑपरेशन करून घ्यायला तयार झाला. डॉक्टरांनी सांगितलं, पंधरा दिवस वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही, डोळ्याला पाणी लागू द्यायचं नाही. एवढ्या मनाई घेऊन आणि डोळ्यावर हिरव्या कापडाची झापड लावून तो मुलाच्या क्वार्टरात आला आणि खिडकीसमोरच्या खुर्चीवर बसला. बसल्या जागेवरून पाहण्यासारखी घरात एकच गोष्ट होती.

पहिल्या दिवशी त्याने झाडं पाहिली. सुरेंद्रने त्यांची नावं सांगितली. लांब फितीसारख्या पानांचं वॅलिसनेरिया त्याने नागपूरहून ओल्या कागदात गुंडाळून, मांडीवर घेऊन आणलं होतं. इस्तारीने चांगला डोळा काचेला लावला आणि म्हणाला की हा तर चिला आहे. तलावात हा जाळ्याला गुंडाळतो, आपण तो उपटून तलावाच्या पाळीवर फेकतो, तुझी आई असती तर बैलगाडीभर पाठवला असता. नागपूरचा चिला गावच्या चिल्याहून वेगळा असतो, हे सुरेंद्रने बापाला पटवून द्यायचा प्रयत्न केला. इस्तारीने ऐकून घेतलं.

दुसऱ्या दिवशी त्याने मासे पाहिले.

"हे मोठे कवा होतात?"

"होत नाई, बाबा. एवढेच राह्यतात."

"मंग पोसून काऊन राह्यला?"

"पाह्यासाठी."

इस्तारी बराच वेळ पाहत राहिला. जो माणूस चाळीस वर्षं मासा दिसला की त्याचं वजन मनात करत आला, त्याला चौदा गप्पी पाहायला जेवढा वेळ लागेल तेवढा त्याने दिला. मग त्याची नजर बाटलीवर गेली. बाटलीत गूळ फसफसत होता. त्याने बूच काढून वास घेतला आणि आवाज खाली आणला. आपल्या गावाकडच्या जिल्ह्यात दहा वर्षांपासून दारूबंदी आहे हे त्याला माहीत होतं. चंद्रपुरात नाही हेही माहीत होतं. पण दारू घरात, तेही माशांच्या डोक्यावर काढतात हे त्याने प्रथमच पाहिलं होतं. साहेबाला मालूम आहे काय, एवढंच त्याने विचारलं. सुरेंद्रने झाडांना लागणारा वायू समजावून सांगितला. इस्तारीने पुन्हा ऐकून घेतलं, पण त्या दिवसापासून घरी कोणी आलं की तो खुर्ची सरकवून बाटली झाकली जाईल असा बसू लागला.

तिसऱ्या दिवशी सुरेंद्र पहिल्या पाळीला गेलेला असताना इस्तारीने सुनेला विचारलं की घरात एवढी लगबग कसली आहे. साधनाने सांगितलं, स्पर्धा आहे. कशाची? झाडांची. इस्तारीने खिडकीतून खाली पाहिलं. गफ्फारभाई गुलाबांच्या मुळाशी टोपलीतून काही घालत होते. समोरच्या ब्लॉकमध्ये एक बाई कुंड्यांत तेच करत होती. खत घालून राह्यले काय, त्याने विचारलं. साधना म्हणाली, हो मामाजी, सगळेच घालून राह्यले, स्पर्धा जवळ आली ना. आणि आपल्याकडच्यानं घातलं काय? साधनाला काज करायची होती, चार ब्लाउज त्याच दिवशी द्यायचे होते. ती म्हणाली, नाही.

पुढे काय झालं ते साधनाला दिसलं नाही असं ती म्हणते. मशीन मागच्या खोलीत आहे आणि तिथून खिडकी दिसत नाही, हा तिचा मुद्दा बिनतोड आहे.

त्यानंतर चार दिवसांनी सुरेंद्रला कॅलेंडरातली बारीक अक्षरं वाचायला त्रास होऊ लागला. त्याने आधी कॅलेंडर जवळ आणलं. एकवीस तारखेला त्यातली संकष्टी गेली, बावीसला आकडे गेले. तेवीसला टाकीच्या मागची भिंत गेली. काचेवर बसलेलं शेवाळ खरवडता येतं, पानावरचं पुसता येतं. पण हे पाण्यातच होतं, पाणीच हिरवं झालं होतं, वाटलेल्या मुगासारखं. सुरेंद्रने पोतं दिवसभर लावलं, खाणं बंद केलं, बाटली काढली, पुन्हा लावली. इस्तारी खुर्चीवर बसून हे सगळं पाहत होता आणि रोज थोडा अधिक प्रसन्न दिसत होता. सुरेंद्रला वाटलं, ऑपरेशन चांगलं झालेलं दिसतं.

एकदा त्याने बापाला विचारलंही, की बाबा, पाणी तुम्हाला हिरवं दिसून राह्यलं काय. इस्तारी म्हणाला, दिसून राह्यलं ना, मस्त. सुरेंद्रची नजर त्या हिरव्या झापडीवर गेली आणि त्याने विषय वाढवला नाही.

पाण्यात दोष आला तर तो कुठून येतो हे पाणीवाल्याला ठाऊक असतं: वरून. सुरेंद्रने ठरवलं की प्लांटवरच गडबड आहे. चोवीस तारखेला त्याने दोन्ही फिल्टर उलट्या पाण्याने धुवायला काढले. एक फिल्टर चालू ठेवून दुसरा धुवायचा असतो, हा नियम तो स्वतः नव्या माणसांना शिकवत असे. लॉगबुकात त्याने 'पाण्यात हिरवट छटा, तातडीने कारवाई' अशी नोंद केली. छटा कुठल्या पाण्यात ते लिहिलं नाही. धुण्यात साठ्यातलं पाणी गेलं, उंच टाकी भरली नाही, आणि पंचवीस तारखेला सकाळी वसाहतीतल्या सगळ्या नळांनी फुस्स करून हवा सोडली. स्पर्धेच्या आदल्या दिवशी वसाहतीतल्या तेवीस बागांना पाणी नव्हतं.

गफ्फारभाई रिकामी बादली घेऊन वर आले. त्यांना कारण कळलेलं होतं, कारण प्लांटवरचा हेल्पर त्यांचा भाचा होता. ते टाकीसमोर उभे राहिले, चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं.

"सुरेंदरभाऊ, आमचे गुलाब सुकून राह्यले ते ठीक आहे," ते म्हणाले. "पण तुमचा बगीचा तर पुरा पाण्यात गेला."

ते गेल्यावर सुरेंद्रने बाह्या वर केल्या. पाणी दिसत नसलं तरी निदान खाली काय आहे ते हाताने चाचपावं म्हणून त्याने हात बुडवला. झाडं होती. खडक होता. खडकाच्या मागे, लाकडाच्या खोडाला दोरीने बांधलेलं काहीतरी मऊ होतं. त्याने ते ओढून वर काढलं. बापाच्या जुन्या धोतराच्या फडक्यात बांधलेली, मुठीएवढी पुरचुंडी होती. तिला दावणीचा वास येत होता.

"बाबा," सुरेंद्र म्हणाला, "हे काय आहे?"

"शेण."

"टाकीत?"

"वाळलेलं आहे. ओलं नाई टाकलं. ओल्यानं मासे दमतात." असल्या गोष्टीत आपण चूक करू असं मुलाला वाटावं, याचं इस्तारीला वाईट वाटलेलं दिसलं. "दोन कमी झाले, ते मी पाह्यलं. बीज टाकलं का दाहात दोन जातातच."

सुरेंद्रने मासे मोजले नव्हते, कारण ते दिसत नव्हते.

"काऊन टाकलं पण, बाबा?"

"झाडाईची स्पर्धा आहे म्हणे. साऱ्यायनं खत टाकलं, तूच नाई टाकलं. परके लोक पाह्याले येतीन, अन् तुयं पाणी असं." इस्तारीने योग्य शब्द शोधला. "उपाशी. त्याच्यात काईच नव्हतं बे."

"काईच नव्हतं म्हूनच चांगलं होतं."

इस्तारीने मुलाकडे पाहिलं. चौदा वर्षं हा पोरगा सरकारी पगारावर पाणी उपाशी ठेवण्याचं काम करतो आहे, हे त्याच्या लक्षात तेव्हा आलं असावं. तलावात असं आरपार पाणी झालं तर संस्थेची बैठक बसते. मग पाळीच्या कोपऱ्यात शेणखताचे ढीग टाकायचे, सुपर फॉस्फेट मारायचं, आणि पाण्याला हिरवा रंग चढेस्तोवर बीजाची गाडी बोलवायची नाही. हिरव्या पाण्यात माशाचं खाणं असतं. मुलाच्या टाकीत ते नव्हतं, वरून मुलगा दोन दिवसांआड चिमूटभर टाकत होता, आणि मासे दोन वर्षांत बोटभरही वाढले नव्हते. यात न समजण्यासारखं काय होतं?

साधना दारात येऊन उभी होती. सुरेंद्रने तिच्याकडे पाहिलं. ती म्हणाली, मामाजींनी विचारलं खत घातलं काय, मी नाही म्हटलं. खोटं कसं सांगू?

आता एकच उपाय होता, पाणी बदलणं, आणि नळ कोरडे होते. दुसराही एक उपाय होता. सुरेंद्रच्या पिशवीत ब्लिचिंग पावडरची पुडी होती आणि सव्वाशे लिटरला किती पुरेल हे त्याला तोंडपाठ होतं. सकाळपर्यंत पाणी स्फटिकासारखं झालं असतं. त्यात बारा मासे पोट वर करून तरंगले असते आणि चिला उकडलेल्या भाजीसारखा झाला असता. त्याने पुडी काढली, हातावर तोलली आणि पिशवीत परत ठेवली. इस्तारीने पुडी पाहिली आणि विचारलं, हे काय, खत आहे काय? सुरेंद्र म्हणाला, नाही बाबा, याच्या उलट.

छब्बीस जानेवारीला झेंडावंदन आटोपून परीक्षक साडेदहाला दारात आले. क्लबचे सचिव, एका अधिकाऱ्यांच्या पत्नी आणि मंगरू आत्राम. मागून गफ्फारभाईही आले. त्यांच्या बागेचे गुण देऊन झाले होते आणि आता ते मोकळे होते. सुरेंद्रने इस्त्रीचा शर्ट घातला होता. साधनाने दारात रांगोळी काढली होती, कारण अट वेगळी आणि पाहुणे वेगळे.

सचिव टाकीसमोर वाकले. त्यांनी डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं.

"झाडं कुठे आहेत?"

"आत," सुरेंद्र म्हणाला.

"दिसत नाहीत."

"आहेत, साहेब. एकशे दहा आहेत."

बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं आणि लगेच दुसरं पान उलटलं. मशीन कुठल्या कोपऱ्यातून कशी आणायची याचा अंदाज साधनाच्या डोळ्यांत दिसू लागला होता. तेवढ्यात खुर्चीवरून इस्तारी उठला. कोणी काही विचारलेलं नव्हतं, पण पाण्याबद्दल बोलणं चाललं असताना गप्प बसायची त्याला सवय नव्हती. त्याने परीक्षकांना नमस्कार केला आणि सांगितलं की आठ दिवसांमागे या टाकीत काही दम नव्हता, आरपार दिसत होतं. आता पाणी तयार आहे. या वसाहतीत असं पाणी दुसऱ्या कोणाकडे असेल तर दाखवा.

मंगरू आत्राम इतका वेळ मागे उभे होते. ते मुलचेऱ्याकडचे. त्यांच्या गावी तलाव होता आणि त्यांचा भाऊ त्यात मासे करत होता. त्यांनी घड्याळ काढून गफ्फारभाईंच्या हातात दिलं, शर्टाची बाही कोपराच्या वर गुंडाळली आणि हात सरळ टाकीत घातला. कोपरापर्यंत गेल्यावर थांबले आणि वरून पाहू लागले.

"तळहात दिसते काय?" इस्तारीने विचारलं.

"नाई दिसत."

"मनगट?"

"मनगट अंधुक दिसून राह्यलं."

"मंग?"

"बीज सोडायलायक आहे, भाऊ," मंगरू म्हणाले. "किती दिवसांत आणलं?"

"आठ."

"थंडीत आठ दिवसांत?"

"खिडकी चांगली आहे," इस्तारीने प्रामाणिकपणे सांगितलं.

नंतरची दहा मिनिटं ते दोघं वाळलेलं शेण आणि ओलं शेण, म्हशीचं आणि गाईचं, याबद्दल बोलले. सचिवांनी दोनदा घड्याळ पाहिलं. गफ्फारभाईंनीही पाहिलं, मंगरूंचं. सुरेंद्र बापाच्या आणि परीक्षकाच्या मधोमध उभा होता आणि त्याच्या चौदा वर्षांच्या अनुभवातलं एकही वाक्य तिथे कामाचं नव्हतं.

गुण द्यायच्या तक्त्यात चार रकाने होते: मांडणी, झाडांचं आरोग्य, स्वच्छता आणि खत-पाणी. प्रत्येकी दहा गुण. सचिवांनी आणि बाईंनी मांडणीला शून्य दिलं, कारण ती दिसली नाही. आरोग्याला पाच-पाच, कारण तेही दिसलं नाही आणि संशयाचा फायदा द्यायला हवा होता. स्वच्छतेबद्दल न लिहिलेलं बरं. मंगरूंनी मात्र खत-पाण्याला दहापैकी दहा दिले. दरवर्षी ते कोणालाच सातच्या वर देत नसत. त्या वर्षी तर वसाहतीतल्या अर्ध्या बागा आदल्या दिवशीच्या कोरड्या नळांमुळे माना टाकून बसल्या होत्या. अशा वर्षात ज्या एका स्पर्धकाकडे खतही होतं आणि पाणीही होतं, त्याला पूर्ण गुण न देण्याचं कारण त्यांना सापडलं नाही. 'घरातील शोभेची झाडे' या गटात एकूण चारच अर्ज आले होते, आणि बक्षिसं तीन व एक उत्तेजनार्थ अशी होती.

संध्याकाळी क्लबच्या मंडपात नावं पुकारली गेली. उत्तेजनार्थ बक्षीस, इस्तारी राघो पचारे. सचिवांनी दुपारी वसाहतीत फिरताना नाव पक्कं करून घेतलं होतं आणि ते घरातल्या वडीलधाऱ्या माणसाला विचारलं होतं. इस्तारीने स्वतःचं नाव सांगितलं. कोणाचं सांगणार? शेण त्याने आणलं होतं. बक्षीस म्हणून प्लास्टिकची हिरवी झारी मिळाली. वाकायची मनाई असल्यामुळे इस्तारीने ती ताठ उभं राहून घेतली, आणि त्यामुळे तो मंडपात फारच रुबाबदार दिसला.

घरी आल्यावर सुरेंद्रने अट काढली. उत्तेजनार्थ असलं तरी बक्षीस ते बक्षीस. साधनाने ते लगेच मान्य केलं. सुरेंद्रला तेवढ्यावरच थांबायला हवं होतं हे त्याला नंतर कळलं.

"बक्षीस मिळालं, टाकी राहीन," ती म्हणाली. "पण बक्षीस कोणाच्या नावानं आहे?"

"बाबांच्या."

"मंग टाकी मामाजींची झाली ना. मामाजी झोपतात मागच्या खोलीत. तिथी, त्यांच्या खाटेजवळ ठेवू. त्यांना पाह्याले बरं." तिने सासऱ्याकडे पाहिलं. "काय म्हणता, मामाजी?"

इस्तारीने विचार केला आणि सांगितलं की पाण्यापासून फार लांब झोपायची त्याला सवय नाही. सुरेंद्रने मंडपातून सोबत आलेल्या गफ्फारभाईंकडे पाहिलं. ते झारीची तोटी तपासण्यात गुंतले होते. दुसऱ्याच दिवशी दोघांनी मिळून टाकी अर्धी रिकामी केली, स्टँडसकट मागच्या खोलीत नेली, आणि मशीन खिडकीशी आली. त्या दुपारी साधनाने काळ्या कापडावर काळा दोरा सुईत पहिल्या झटक्यात ओवला.

मागच्या खोलीत ऊन येत नव्हतं. एक ट्यूब होती, ती संध्याकाळी चार तास लागे. नळ सुरू झाल्यावर सुरेंद्रने पाणी दोन दिवस ड्रममध्ये उघडं ठेवलं आणि थोडं थोडं बदललं. बाकी काही केलं नाही, करायला त्याला धीरही उरला नव्हता. महाशिवरात्रीच्या सुमारास टाकीतून खाटेवरच्या गोधडीचे टाके मोजता येऊ लागले. काचेवर एक ठिपका नव्हता. चिल्याची पानं पाण्याच्या वर येऊन आडवी पसरली होती. शेणातलं जे काही उरलं होतं ते झाडांनी खाल्लं असावं, असं नागपूरचा दुकानदार फोनवर म्हणाला. पण सुरेंद्रने हे घरात कोणाला सांगितलं नाही.

इस्तारीची झापड तोवर निघाली होती. नव्या डोळ्याने त्याने टाकी पाहिली, खूप वेळ पाहिली, आणि मार्कंड्याच्या जत्रेची गाडी कधी निघते ते विचारलं. मुलाच्या घरी त्याला काही कमी नव्हतं. पण ज्या पाण्याला बक्षीस मिळालं ते पोराने एका महिन्यात पुन्हा उपाशी करून ठेवलं, आणि शेजारी बसून ते पाहणं त्याच्याने होण्यासारखं नव्हतं. जाताना झारी तो सोबत घेऊन गेला.

पुढच्या डिसेंबरात स्पर्धेचे फॉर्म निघाले तेव्हा त्यात एक नवा नियम होता, सातवा: 'झाडे परीक्षकांना उघड्या डोळ्यांनी दिसणे आवश्यक आहे.' सुरेंद्रने त्या फॉर्मची झेरॉक्स काढून प्लांटवरच्या टेबलाच्या काचेखाली ठेवली आहे. प्लांटवर कोणी नवा माणूस आला की तो ती दाखवतो आणि सांगतो की आपल्या एका टाकीसाठी समितीला वेगळा नियम करावा लागला. घरी मात्र तो हे सांगत नाही. घरी सांगायला गेला की खिडकीशी मशीन थांबते.

"मामाजींसाठी करावा लागला," साधना म्हणते, आणि मशीन पुन्हा सुरू होते.